ट्विन कॅम १०३ चे कॅम बदलले: जानेवारी ते एप्रिल, पुणे

गाडी २०१३ ची हार्ले-डेव्हिडसन फॅट बॉय. इंजिन ट्विन कॅम १०३बी, १६९० सीसी, रीडिंग ४१ हजार २०० किलोमीटर. मोकळा एअर क्लीनर, स्लिप-ऑन सायलेन्सर आणि पॉवर व्हिजन ट्यूनर (इंधन आणि ठिणगीची सेटिंग बदलणारं उपकरण) हे आधीच बसवलेलं होतं. कॅम, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे-बंद करणारे दांडे, बदलायचं जानेवारी २०२५ मध्ये ठरलं आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात काम खऱ्या अर्थाने संपलं. सगळा खर्च १ लाख ५२ हजार झाला. पुण्यात असं काम करू पाहणाऱ्याला कुठे थांबावं लागतं, काय आधी मागवून ठेवायला हवं आणि कुठल्या पायरीवर इंजिन हातचं जाऊ शकतं, ते क्रमाने लिहितो.

आधी मोठे सिलिंडर आणि पिस्टन टाकायचा विचार होता. तो सोडला, कारण सीसी बदलली की आरसीवरचा आकडा आणि इंजिन यांचा मेळ राहत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं तेच मना करतं. कॅम बदलल्याने सीसी, इंजिन नंबर, चासी नंबर यातलं काहीच बदलत नाही. तरीही विमा कंपनीला ईमेलने कळवलं. नऊ दिवसांनी 'नोंद घेतली' एवढंच उत्तर आलं, ते पॉलिसीसोबत छापून ठेवलं आहे. फोनवर सांगून सोडू नका, लेखी उत्तर घ्या.

निवड

कॅम निवडताना बहुतेक जण आधी लिफ्ट बघतात, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते. ०.५५० इंचाचा कॅम ०.४९० पेक्षा भारी, असा हिशोब असतो. क्रूझरसाठी पहिला आकडा बघायचा तो इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो याचा. पिस्टन तळाशी जाऊन परत वर यायला लागतो तेव्हाही इनटेक थोडा वेळ उघडा असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो आणि त्या उघड्या वेळात आणखी हवा भरली जाते. इंजिन सावकाश फिरत असेल तर तीच हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. मग पिकअप जातं, आणि घाटात तिसऱ्या गिअरवरून चौथ्यात टाकलं की गाडी रडते.

हा फरक हिशोबात दिसतो. १०३ चा बोअर ९८.४ मिमी, स्ट्रोक १११.१ मिमी आणि कागदावरचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.६. इनटेक तळानंतर २५ अंशांवर बंद झाला तर प्रत्यक्ष हाती लागणारं कॉम्प्रेशन साधारण ९.३ येतं. ३० अंशांवर ९.२, ३८ वर ८.९ आणि ४५ वर ८.६५. म्हणजे पिस्टन तेच, हेड तेच, आणि नुसत्या कॅमने इंजिन एकतर घट्ट होतं किंवा सैल पडतं. उशिरा बंद होणारा कॅम टाकायचा तर कॉम्प्रेशन वाढवणारे पिस्टन किंवा घासलेली हेड सोबत हवीत. नुसता कॅम टाकून '४,५०० च्या पुढे काय पळते' म्हणणाऱ्या गाड्या सिंहगड रोडच्या गर्दीत मूळ कंपनीच्या गाडीपेक्षा मंद वाटतात, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण गाडी कुठल्या आरपीएमवर चालवतो, ते मोजणं. अंदाज चुकतो. पॉवर व्हिजनवर आठवडाभर लॉग घेतला. शहरात १,८०० ते २,६००. सातारा रस्त्याला सहाव्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला २,४०० च्या आसपास. खंबाटकी चढताना चौथ्यात ३,०००. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे मुंबईकडेही जुन्याच हमरस्त्याने जाणं. ४,५०० च्या वर इंजिन गेलं ते फक्त ओव्हरटेक करताना, आणि तेही काही सेकंद. असा लॉग असेल तर लवकर बंद होणारा, कमी ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ कमी असलेला) टॉर्क कॅमच घ्यावा.

तिसरी गोष्ट पेट्रोल, कारण लवकर बंद होणारा कॅम सिलिंडरमधला दाब वाढवतो आणि नॉकिंगची (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकण्याची) शक्यताही वाढवतो. अमेरिकेतली माणसं '९१ ऑक्टेन वापरा' म्हणतात तेव्हा तो आकडा वेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो. तिथलं ९१ म्हणजे आपल्या पंपावरच्या मोजणीत ९५-९६. आपल्याकडचं जुनं साधं ९१ त्याहून बरंच खाली होतं. म्हणून कमीत कमी ९५ धरून चाला. इंडियन ऑइलचं एक्सपी९५ पुण्यात सहज मिळतं. एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत आलं, त्यात पुणं होतं, पण लांबच्या प्रवासात ते मिळेलच यावर विसंबून ट्यूनिंग करू नका.

पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे, म्हणजे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के कमी. त्याचा परिणाम पुढे दोनदा आडवा आला. पहिला इथेच: कॉम्प्रेशन गेजवर इथे येणारा आकडा मुंबईच्या त्याच गाडीपेक्षा कमी दिसतो, त्यामुळे परदेशी तक्त्याशी ताडून 'रिंगा गेल्या' म्हणू नका. १८ जानेवारीला गरम इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, दोन्ही प्लग काढून मोजलं तेव्हा पुढच्या सिलिंडरला १६० आणि मागच्याला १५८ पीएसआय आलं. दोघांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असता तर कॅमचा विचार थांबवून आधी हेड उघडावं लागलं असतं. ज्या गाडीत ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज (स्टार्ट करताना सिलिंडरचा दाब सोडणारी सोय) आहे, तिथे त्याचे कनेक्टर काढूनच मोजा, नाहीतर आकडा खोटा येतो.

आता लिफ्ट. २००५ नंतरच्या हेडमधल्या मूळ स्प्रिंगा साधारण ०.५५० इंचापर्यंत चालतात. त्याच्या वर गेलात की स्प्रिंगा, रिटेनर आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर हे सगळं तपासणं आलं, म्हणजे हेड उतरवणं आलं. हेड न उतरवता काम करायचं हे आधीच ठरलेलं होतं.

कॅमची कार्डं, म्हणजे कंपनीने दिलेले आकड्यांचे तक्ते, ताडून बघताना एक काळजी घ्या. हार्लेच्या कॅमचे अंश बहुधा ०.०५३ इंच लिफ्टवर मोजलेले असतात. ज्या कार्डावर 'ॲडव्हर्टाइज्ड' ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) दिलेली असते, तिचे अंश मोठे दिसतात आणि ती दोन कार्डं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. तसंच, १९९९ ते २००६ चे कॅम २००७ नंतरच्या इंजिनात बसत नाहीत. २००६ ची डायना मात्र नव्या गटात मोडते. जुन्यात कॅमची चेन ताणून धरणारा टेन्शनर स्प्रिंगचा आणि कॅमला बाहेरच्या बाजूने बेअरिंग, नव्यात हायड्रॉलिक टेन्शनर आणि कॅम थेट सपोर्ट प्लेटच्या भोकात फिरतो. जुनी गाडी असेल तर कॅम प्रेसवर बसवावे लागतात; नव्यात ते हाताने सरकतात.

अँड्र्यूज, एस अँड एस, फ्यूलिंग आणि वुड अशा चौघांची कार्डं बघून शेवटी अँड्र्यूजचा ४८एच घेतला. लिफ्ट ०.४९० इंच, म्हणजे साडेबारा मिलिमीटरला जरा कमी. लवकर बंद होणाऱ्या गटातला, जड गाड्यांसाठी काढलेला. एस अँड एसचा ५१० हाही याच कामाचा आहे आणि तो घेतला असता तरी हरकत नव्हती. चेनऐवजी गिअर ड्राइव्ह घ्यावा का, हा प्रश्न सगळे विचारतात. गिअर ड्राइव्हला क्रँकच्या टोकाची लचक (फिरताना होणारी डगमग) तीन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत लागते, आणि ती इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. चेनचे पार्ट मागवणं म्हणूनच सुरक्षित.

मागवणं आणि कस्टम्स

ऑर्डर ३ फेब्रुवारीला दिली: कॅमचा जोड, ॲडजस्टेबल (लांबी कमी-जास्त करता येणारे) पुशरॉड चार, लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे) चार, आतली कॅम बेअरिंग दोन, टेन्शनरचे शू (चेनवर टेकणारे तुकडे), कॅम कव्हरचा गॅस्केट संच आणि पुशरॉड ट्यूबच्या ओ-रिंग. बेअरिंग बी-१६८ या नंबरची, पूर्ण सुयांनी भरलेली घेतली. मूळ बेअरिंगमध्ये पिंजरा असतो आणि सुया कमी असतात. ती फुटली तर सुया थेट ऑइल पंपात जातात. इंजिन उघडल्यावर ती न बदलणं म्हणजे दीड हजाराच्या बचतीसाठी पंप आणि क्रँककेस पणाला लावणं.

पार्सल १४ फेब्रुवारीला मुंबईत आलं आणि तिथेच अडकलं. ऑर्डरवर नाव आणि आडनाव होतं. आधारवर वडिलांचं नावही आहे. केवायसीत नाव जुळलं नाही. कुरिअरने आधार, पॅन, इन्व्हॉइस आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा मागितला. ते पाठवल्यावर पाच कामाचे दिवस गेले. तेव्हा ऑर्डर देतानाच नाव आधारवर आहे तसंच, तिन्ही शब्दांत टाका. विक्रेत्याकडून एकेका पार्टची किंमत वेगळी दाखवणारं इन्व्हॉइस घ्या. कॅमशाफ्ट ८४८३ या शीर्षकात येतो आणि बेअरिंग ८४८२ मध्ये, एकच ढोबळ रक्कम असली की प्रश्न वाढतात. ड्युटी मालाच्या किमतीवर नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर लागते. माल ७४ हजार ८०० चा, वाहतूक ८ हजार ३००, आणि ड्युटी, आयजीएसटी व कुरिअरचे हाताळणीचे पैसे मिळून ३१ हजार ४००. २२ फेब्रुवारीला खोकं हातात आलं.

खोकं उघडल्यावर लगेच प्रत्येक पार्ट मॅन्युअलच्या चित्राशी जुळवून बघा. ट्यूबच्या ओ-रिंग तीन मापांच्या असतात, एका ट्यूबला तीन, एकूण बारा. एक कमी निघाली तर नाना पेठेत ती त्याच रबराची मिळेल याची खात्री नाही. दिसायला सारखी रिंग मिळते, पण गरम तेलात ती फुगते.

उघडणं

१ मार्चला, शनिवारी, गॅरेजमध्ये मिस्त्रींसोबत काम सुरू केलं. एक्झॉस्टच्या नटांवर आदल्या रात्रीच भेदक तेल मारून ठेवलं होतं. सॉफ्टेलवर उजवं फुटबोर्ड आणि एक्झॉस्ट काढल्याशिवाय कॅम कव्हर मोकळं होत नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, मागचं चाक उचललं, प्लग काढले, गाडी पाचव्या गिअरमध्ये. आता मागचं चाक हाताने फिरवलं की इंजिन फिरतं. प्लगच्या भोकात शीतपेयाची नळी उभी धरली की पिस्टन वर आल्याचं तिच्यावरून दिसतं. पिस्टन वर आहे आणि त्या सिलिंडरचे दोन्ही लिफ्टर तळाला आहेत, तोच कॉम्प्रेशनचा टीडीसी.

मूळ पुशरॉड एकसंध असतात. ते अख्खे काढायचे तर टाकी आणि रॉकर बॉक्स उतरवावे लागतात. ॲडजस्टेबल पुशरॉड घेतले असतील तर जुने बोल्ट कटरने तोडून ट्यूबमधून बाहेर काढता येतात. तोडण्यापूर्वी त्या रॉडवर स्प्रिंगचा दाब नाही याची खात्री करा, खाली फडकं भरा, वरचा तुकडा हाताने धरा. हॅक्सॉने कापू नका. कटर दाबून तोडतो, हॅक्सॉचा चुरा इंजिनात जातो.

कव्हर काढल्यावर पहिल्यांदा टेन्शनर बघितला. ४१ हजारांवर बाहेरच्या शूवर चेनच्या दोन खोल रेघा होत्या, शू अर्धाही झिजला नव्हता. तरीही दोन्ही बदलले. क्रँकच्या टोकाला डायल गेज लावून चाक सावकाश फिरवलं. गेज भोसरीच्या एका वर्कशॉपमधून दिवसभरासाठी मागून आणला होता. लचक अडीच थाऊ. गिअर ड्राइव्हच्या मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर, त्यामुळे चेन घेतल्याचं समाधान वाटलं. हे माप उघडलेल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. पुढे ऑइल पंप आवाज करू लागला तर तुलनेला तेच लागतं.

आतली बेअरिंग पुलरनेच काढायची. ठोकून काढली की केसचं भोक लांबट होतं आणि मग नवी बेअरिंग त्यात फिरते. नवी बसवताना अक्षरं कोरलेली बाजू आपल्याकडे. पुलरचं भाडं दोन हजार पडलं.

प्लेट काढल्यावर पंपामागची मोठी ओ-रिंग नीट बघा. परत येणारं तेल खेचण्याची वाट तिनेच सील होते. ती कापली गेली किंवा जागेवरून सरकली तर तेल क्रँककेसमध्ये साचतं, गाडी तापली की जड चालते आणि एअर क्लीनरमधून तेल येतं. नवी रिंग असेंब्ली ल्यूब लावून बसवा आणि प्लेट सरळ आत ढकला, तिरकी नको.

नवे कॅम एकमेकांच्या खुणा समोरासमोर आणून, चेनसकट, प्लेटमध्ये एकदम सरकवले. ऑइल पंपाचे चार बोल्ट आधी ४०-४५ इंच-पौंडांवर, इंजिन फिरवत फिरवत, म्हणजे पंप आपोआप मध्यावर येतो. मग ९० ते १२०. प्लेटचे बोल्टही तेवढेच. केस ॲल्युमिनियमची आहे. हाताच्या अंदाजाने आवळलं की आटे जातात. इंच-पौंडांचा वेगळा टॉर्क रेंच नसेल तर इथे काम थांबवा आणि आणा.

मग दोन स्प्रॉकेट. दोन्ही आधी १५ फूट-पौंड, मग एक पूर्ण फेरा सैल, मग क्रँकचा २४ आणि कॅमचा ३४. आट्यांना काय लावायचं ते त्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये बघा. दोन्ही आवळल्यावर त्यांच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट बघायची, कारण स्प्रॉकेट एका रेषेत नसतील तर चेन एका बाजूने चालते आणि शू तिरका झिजतो. दहा थाऊपर्यंत चालतं. आमची फट चौदा आली.

नवा कॅम टाकला की ही फट बदलू शकते, आणि ती दुरुस्त करायला कॅम स्प्रॉकेटमागचा स्पेसर दहा थाऊंच्या टप्प्याने वेगळ्या जाडीचा घ्यावा लागतो. तो हाताशी नव्हता. दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याकडून तो १३ मार्चला आला. बारा दिवस इंजिन उघडं, वर धुतलेलं सुती कापड आणि त्यावर प्लास्टिक. वेगवेगळ्या जाडीचे दोन-तीन स्पेसर आधीच मागवून ठेवले असते तर हे दिवस वाचले असते. न लागलेले परत विकता येतात. नव्या स्पेसरने फट चार थाऊ झाली.

पुशरॉड

हे काम १५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी केलं. सगळ्या प्रक्रियेतली घाईला अजिबात न चालणारी पायरी हीच आहे.

लिफ्टर रात्रभर तेलात ठेवलेले होते. पुढच्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर. पुशरॉड लांब करत न्यायचा, जोवर त्याला वर-खाली ढिलेपणा राहत नाही पण अंगठा आणि बोटात धरून तो अजून फिरतो. हा शून्य. आमच्या पुशरॉडला इंचाला ३२ आटे होते, म्हणजे एका फेऱ्याला ०.०३१ इंच. सूचना तीन फेऱ्यांची होती. फेरे मोजताना चूक होते म्हणून नटाच्या एका पैलूवर मार्करने खूण केली आणि पैलू मोजले: सहा पैलूंचा एक फेरा, तीन फेऱ्यांचे अठरा. दुसऱ्या कंपनीच्या रॉडला आटे वेगळे असतात आणि फेरेही, तेव्हा कुणी सांगितलेला आकडा उचलू नका, खोक्यातला कागद वाचा.

अठरावा पैलू फिरला त्या क्षणी पुशरॉड बोटांनी फिरेनासा होतो. लिफ्टर तेलाने भरलेला असतो, तो दबायला तयार नसतो, त्यामुळे रॉडने व्हॉल्व्ह उघडून धरलेला असतो. आता इंजिन फिरवलं तर उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो आणि रॉड वाकतो. दुसऱ्या रॉडचं काम संपताच मिस्त्रींचा हात सवयीने मागच्या चाकाकडे गेला.

"काका, थांबा. अजून फिरवू नका, एक्झॉस्टचा रॉड बघा."

त्यांनी रॉड चिमटीत धरून बघितला आणि हात मागे घेतला. "अजून दाबात आहे, दादा. चहा मागवा."

इनटेकचा रॉड बारा मिनिटांनी मोकळा झाला, एक्झॉस्टचा पंचवीस मिनिटांनी. दोन्ही बोटांनी फिरायला लागल्यावर लॉकनट आवळले, ट्यूब बंद केल्या आणि मगच मागच्या सिलिंडरकडे वळलो. घड्याळावर जाऊ नका. रॉड बोटांनी फिरतो का, एवढीच कसोटी.

सुरू करण्यापूर्वी प्लग बाहेर आणि फ्यूल पंपाचा फ्यूज काढलेला ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारला. तेल २० डब्ल्यू ५०, सॉफ्टेलला फिल्टरसकट ३.३ लिटर. पहिल्या मिनिटात लिफ्टरांची टकटक होती, ती गेली. नवा कॅम वीस मिनिटं २,००० आरपीएमवर चालवायचा, हा सल्ला सपाट टॅपेटच्या इंजिनांचा आहे. इथे लिफ्टरला रोलर असतो, उभ्या गाडीला तसं तापवण्याची गरज नाही. मागच्या इनटेक ट्यूबच्या खालून तेलाची एक रेघ आली. ट्यूब उघडली तर खालच्या रिंगला केसाएवढा चिरा, बसवताना कड लागली होती. क्लिप काढून नवी रिंग घालायला चाळीस मिनिटं गेली. म्हणून ओ-रिंगचा संच दोन घ्या.

ट्यूनिंग

जुन्या मॅपवर (इंधन आणि टायमिंगच्या तक्त्यावर) गाडी बाहेर काढू नका. ट्यूनरच्या संग्रहातला सगळ्यात जवळचा मॅप टाकून, ३,००० च्या खाली ठेवून डायनोपर्यंत, म्हणजे चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रापर्यंत गेलो. तारीख २७ मार्चची मिळाली, बारा दिवस थांबून. १८ जानेवारीलाच याच डायनोवर जुन्या कॅमची रन घेऊन ठेवली होती. ती नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही, कारण दोन डायनोंचे आकडे जुळत नाहीत. दोन्ही वेळा एसएई करेक्शन (हवेच्या दाब-तापमानाप्रमाणे आकडा सुधारणारा हिशोब) चालू आहे का तेही बघा. पुण्याच्या विरळ हवेत करेक्शन चालू आणि बंद यात पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि कॅमने मिळणारी वाढ त्याहून फार मोठी नसते.

२,५०० आरपीएमला मागच्या चाकावर ११२ न्यूटन-मीटरचे १२६ झाले. सर्वाधिक टॉर्क १२६ वरून १३७, शक्ती ६८ वरून ७६ अश्वशक्ती. कॉम्प्रेशन दोन्हीकडे १७५ पीएसआयच्या आसपास. कामाचा आकडा पहिला आहे.

हवा-पेट्रोलचं मिश्रण लॅम्डामध्ये (संतुलित प्रमाणाच्या किती पट हवा आहे त्यात) बघा, शुद्ध पेट्रोलच्या १४.७ च्या भाषेत नको. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं आणि त्याचं संतुलित प्रमाण साडेतेराच्या आसपास आहे. जुना मॅप शुद्ध पेट्रोल धरून केलेला असेल तर इंजिन कोरडं चालतं आणि तापतं. २,००० ते २,७५० आरपीएमच्या, जास्त लोडच्या खणांत टायमिंग दोन अंश मागे घ्यावं लागलं, कारण तिथेच नव्या कॅमने दाब वाढवला आहे. या इंजिनात नॉकिंग स्पार्क प्लगमधूनच ओळखलं जातं, त्यामुळे प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकाराचेच ठेवा.

उंचीचा दुसरा परिणाम इथे. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी पुण्यात मॅनिफोल्डचा दाब ९४-९५ किलोपास्कलच्या वर जात नाही. म्हणजे ट्यूनिंगच्या तक्त्यातला १०० चा रकाना पुण्याच्या डायनोवर कधीच भरत नाही. तो रिकामाच राहतो, किंवा आधीच्या मॅपचे आकडे त्यात तसेच पडून असतात. तीच गाडी ताम्हिणी उतरून कोकणात गेली की समुद्रसपाटीची दाट हवा मिळते आणि इंजिन नेमकं त्याच न तपासलेल्या रकान्यात शिरतं, तेही दाब सगळ्यात जास्त असताना. डायनोवाल्याला हे मुद्दाम सांगा. आम्ही ८० आणि ९० च्या रकान्यांचा कल धरून १०० चा रकाना भरून घेतला आणि टायमिंग आणखी एक अंश मागे ठेवलं. डायनोचे चार तास, १२ हजार रुपये.

दुसऱ्या दिवशी पीयूसी नव्याने काढली. आयडलला ओव्हरलॅपमुळे हायड्रोकार्बन वाढतात; कमी ओव्हरलॅपच्या कॅमने अडचण आली नाही, पण इंजिन पूर्ण गरम करूनच नळी लावू द्या. सायलेन्सर बदललेला असेल तर त्याच्या आवाजावरून शहरात कारवाई होते, हे कॅमइतकंच लक्षात ठेवा.

खर्चाची बेरीज: माल, वाहतूक आणि ड्युटी १ लाख १४ हजार ५००, मजुरी १८ हजार, डायनो १२ हजार, तेल-फिल्टर साडेपाच हजार, पुलरचं भाडं दोन हजार. ट्यूनर नसेल तर तो वेगळा.

१२ एप्रिलला ताम्हिणीमार्गे माणगावला जाऊन लॉग घेतला. दुपारी दीडची वेळ, चौथ्या गिअरमध्ये १,८०० पासून थ्रॉटल पूर्ण उघडून, तीन वेळा. दाब ९९ पर्यंत गेला, नॉकसाठी टायमिंग मागे घेतल्याची नोंद दोनदा शून्य आणि एकदा दीड अंश, २,२५० च्या खणात. घरी येऊन त्या एका खणातलं टायमिंग अर्धा अंश आणखी कमी केलं. १९ एप्रिलला ८०० किलोमीटरवर तेल काढलं, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून बघितला. चकाकणारं काही नव्हतं. बसवतानाच्या ल्यूबचा काळसर थर तेवढा होता.